पगार झाला का?

(सकाळ. बँकेची पायरी. पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या आजी.)

शिरोळ तालुका, कृष्णा-पंचगंगेचा काठ. आजींनी उभ्या जन्मात नोकरी केलेली नाही, तरी त्या पगाराला आल्यात. निराधार म्हाताऱ्यांना सरकारकडनं दरमहा मिळणाऱ्या श्रावणबाळ योजनेच्या पैशाला इथं सगळे पगारच म्हणतात. २०२३ साली त्याचे हजाराचे दीड हजार झाले.

दीड हजारात भागतं काय? बीपीच्या गोळ्या, चहा-साखर, थोडा किराणा. पण आजींच्या पिशवीत एक वही आहे, नातीकडनं लिहून घेतलेली. शेजारच्या बारशाला टोपरं. भावकीतल्या लग्नात शंभर रुपये आहेर. म्हाईची, म्हणजे गावजत्रेची वर्गणी. मागं दोन महिने पगार थकला, तेव्हा आजी एका बारशाला गेल्याच नाहीत. गुडघा धरलाय म्हणून सांगितलं. गुडघा ठणठणीत होता. रिकाम्या हातानं जाऊन जेवून यायचं, हे त्यांना जमलं नाही.

आणि हा पगार हातात पडतो तोही शेजाऱ्यांमुळंच. भांगलून भांगलून बोटांच्या रेषा झिजल्यात, मशीन ठसा घेत नाही. शेजारचा पोरगा आजींना गाडीवरनं बँकेत आणतो, कधी तीन-तीन खेपा. या खेपा कुठल्याच योजनेच्या हिशेबात धरलेल्या नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टात पाणी गावात शिरलं. सरकारी मदत पुढं खात्यावर जमा झाली, पण त्या रात्री म्हशी बांधायला दावण मिळाली ती माळावरच्या पाहुण्यांच्या गोठ्यात.

गोड गोड चित्र रंगवायला आम्ही आलेलो नाही. बांधावरनं कोर्टात गेलेले सख्खे भाऊ याच गल्लीत राहतात. नवरा गेला की बाईला हळदी-कुंकवातनं वगळायचं, हेही याच नात्यागोत्यांनी केलं. याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसायची, बांगड्या फोडायची प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याला कुठल्या निधीची वाट बघावी लागली नाही.

(बँकेचं दार. आजी बाहेर येतात.)

झाला पगार. पोरगा पेट्रोलचे पैसे काही केल्या घेत नाही. म्हणून संध्याकाळी त्याच्या घरी वाटीभर शेंगाची चटणी जाणार आहे.