डोकेदुखी, बांगड्या आणि थायरॉईड

नमस्कार मंडळी. थायरॉईड म्हटलं की वजन वाढतं, एवढंच आपल्या डोक्यात असतं. आज बोलायचंय ते उलट्या प्रकाराबद्दल, म्हणजे थायरॉईड जास्त काम करायला लागला की कधीकधी मेंदूतल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होते त्याबद्दल. क्वचित होतं, पण होतं.

कोथरूडच्या एक ताई, तिशीतल्या, ऐन गौरींत डोकं धरून बसलेल्या. कोणी म्हणालं पित्त, कोणी म्हणालं जागरण, चष्म्याचा नंबरही तपासून झाला. सोबत सासूबाई आल्या होत्या, त्यांची नजर फार बारीक. म्हणाल्या, "डॉक्टर, ही दोन पोळ्या जास्तच खाते हो, तरी बांगड्या पार कोपरापर्यंत सरकतात, आणि परवा गौरीची पावलं काढताना रांगोळीची रेघ थरथरत होती. रात्री आडवी झाली की डोकं आणखी ठणकतं, म्हणून बसूनच झोपते." मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता ॲडमिट व्हा. साधा सीटी स्कॅन नॉर्मल आला, घरच्यांना वाटलं सुटलो, पण एमआर व्हेनोग्राफी केली, म्हणजे मेंदूतल्या शिरांचा एमआरआय, तर वरच्या मोठ्या शिरेत गुठळी! रक्तात टीएसएच जवळपास शून्य, म्हणजे थायरॉईड जास्त काम करत होता. आणि पाळी पुढे ढकलायच्या हार्मोनच्या गोळ्या चालू, गौरींसाठी. सासूबाई तिथेच म्हणाल्या, "अगं, मला विचारायचं तरी, मीच नको म्हटलं असतं."

या गोळ्या केमिस्टकडून परस्पर आणून घेऊच नका. गौरी माहेरी येतात, त्यांना लेकीच्या पाळीचा विटाळ होतो हे मला कधीच पटलेलं नाही, आणि मी ते दर सणाला सांगत राहणार.

तर होतं काय, थायरॉईडचं हार्मोन वाढलं की रक्त गोठवणारे घटक, फॅक्टर एट वगैरे, वाढतात आणि झालेली गुठळी विरघळायचं काम मंदावतं. त्यात हार्मोनच्या गोळ्या, बाळंतपण किंवा अंगातलं पाणी कमी होणं याची भर पडली की धोका वाढतो.

पुन्हा सांगते, आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारी नवीन डोकेदुखी, सोबत उलट्या, अंधुक दिसणं, फिट, हातपाय लुळे पडणं, यातलं काही असेल तर थेट हॉस्पिटल. आणि खाऊनही वजन उतरतंय, छाती धडधडतेय, हात थरथरतायत, तर ते आवर्जून सांगा. आपण होऊन सांगा, डॉक्टर विचारतीलच असं नाही.

ताई आता बऱ्या आहेत. आधी हेपॅरिनची इंजेक्शनं झाली, आता रक्त पातळ करायच्या गोळ्या काही महिने घ्यायच्यात, शिवाय थायरॉईडसाठी कार्बिमाझोल. ही कार्बिमाझोल तुमच्याकडे कोणी घेत असेल आणि ताप आला, घसा दुखला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, करून घ्या, पांढऱ्या पेशी एकदम कमी होऊ शकतात.