कॉलरमागचं लेबल

नमस्कार मंडळी, ऐकताय ना? मागच्या येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाची गोष्ट सांगते. लातूरजवळ आमच्या शेतात कोपीपुढं पंगत बसलेली, भज्जी वाढणं चालू, आंबिलाचा मटका मधी, अन् माझ्या बहिणीचं सहा वर्षांचं लेकरू नवा शर्ट ओढ ओढ ओढून रडायलं. एक जण म्हणे नजर लागली, आमची आई तर सरळच म्हणाली की मायनंच लाडावून ठेवलंय त्याला. बहीण काहीच बोलली नाही. शर्ट काढला, कॉलरमागचं लेबल दातानं तोडलं, परत घातला. पाच मिनिटांत पठ्ठ्या हरभऱ्यात बसून ढेकळं ओळीनं मांडायला लागला.

त्याला ऑटिझम आहे, म्हणजे मेंदूची घडणच जरा वेगळी, माणसांत मिसळणं अवघड जातं अन् आवाज, स्पर्श कधी कधी फार जाणवतात. मराठीत स्वमग्नता म्हणतात पण मला काही तो शब्द पटत नाही, स्वतःतच मग्न असता तर एवढंसं लेबल टोचलं असतं का?

2016 मधे हार्वर्डच्या लॉरेन ओरेफिस अन् डेव्हिड गिंटी यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. ऑटिझमशी संबंध असलेले काही जीन्स, म्हणजे जनुकं, त्यांनी फक्त स्पर्श कळवणाऱ्या नसांमधून काढले, मेंदूला हातच लावला नाही. तरी ते उंदीर हलक्या स्पर्शालाही दचकायचे, घाबरट झाले, दुसऱ्या उंदरांपासून लांब राहायला लागले. अन् गंमत म्हणजे मोठेपणी जीन काढला तर स्पर्शाचा त्रास व्हायचा पण ती भीती, ते लांब राहणं नाही. म्हणजे लहानपणी सगळं जग टोचत असलं तर माणसांत मिसळायचं कसं? अर्थात उंदीर म्हणजे लेकरू नव्हे, हे मान्यच.

आता आईला बोल लावायचं. अमेरिकेतल्या लिओ कॅनर नावाच्या मानसोपचाराच्या डॉक्टरनं 1943 ला ऑटिझम असलेल्या 11 लेकरांचं वर्णन लिहिलं, अन् त्यानंतर कितीतरी वर्षं मोठमोठे डॉक्टरच म्हणायचे की आईनं माया केली नाही म्हणून असं झालं, मग आमच्या आईला तरी काय म्हणावं! 1977 ला फोल्स्टीन अन् रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या, प्रत्येक जोडीत निदान एकाला तरी ऑटिझम होताच. जीन्सही सारखेच असलेल्या एकसारख्या 11 जोड्यांपैकी 4 मधे दोघांनाही ऑटिझम, वेगळ्या दिसणाऱ्या 10 जोड्यांत मात्र दोघांनाही असं एकातही नाही. घर तेच, माय तीच, फरक जीन्सचा.

हे मी आईला सांगितलं तर ती नुसतं हं म्हणाली. औंदा येळवशीला तिनंच नातवाला शर्ट घेतलाय, लेबल कात्रीनं काढून, तीनदा धुऊन, घडी घालून ठेवलाय.