एका शिखराचं सरकणं

[दृश्य: चिप, धातूच्या दोन पट्ट्या, मधला काळा चर]

या चरावर एक पूल आहे. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात तो दिसत नाही.

[दृश्य: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा]

ही रेघ म्हणजे कार्बनची नळी. रुंदी जेमतेम १ नॅनोमीटर. इथे दिसते तेवढी जाड ती नाही, प्रतिमेत ती फुगते.

[दृश्य: लालबुंद भट्टी]

चर आणि पट्ट्या आधी तयार होतात, नळी सगळ्यात शेवटी. ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या भट्टीत मिथेन सोडतात आणि लोखंडाच्या सूक्ष्म कणावरून नळी वाढू लागते. कुठे जाईल, ते तिचं तीच ठरवते. मग चरामागून चर तपासत बसायचं, एखादी नेमकी आडवी पडलेली सापडेपर्यंत. कंटाळवाणं काम, पण अशा नळीला नंतर कुठलंही रसायन लागलेलं नसतं. पुढचं सगळं मोजमाप या स्वच्छतेवर उभं आहे.

[दृश्य: लेसरचा लाल ठिपका]

नळीवरून विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून परततो. अणूंच्या कंपनांना ऊर्जा देऊन, किंवा त्यांच्याकडून घेऊन. हाच १९२८ सालचा रामन परिणाम.

[दृश्य: पडद्यावर वर्णपट]

ही जोडशिखरं ‘जी-पट्ट्या’ची, म्हणजे नळीतल्या कार्बन अणूंच्या दोन तऱ्हांच्या कंपनांची. इथे अणू सेकंदाला सुमारे ४८ लाख कोटी वेळा थरथरतात.

[दृश्य: नळीच्या दोन टोकांमधल्या व्होल्टेजचा आकडा चढतो]

आता डावीकडच्या शिखरावर नजर ठेवा. ते सरकतंय. शेजारचं जवळजवळ जागचं हललेलं नाही.

कंपनं तापली की त्यांचं शिखर सरकतं. नळी एकसारखी तापली असती, तर दोन्ही सरकली असती. पण धातूसारख्या वागणाऱ्या नळीत इलेक्ट्रॉनांचं खरं जमतं ते नळीच्या लांबीच्या दिशेने होणाऱ्या कंपनांशी. डावीकडचं शिखर त्यांचंच. पुरेशी ऊर्जा मिळाली की इलेक्ट्रॉन ती या कंपनांत ओततात. ती विरण्याआधीच नवी भर पडते, आणि खाली चर असल्याने उष्णता झिरपायला जमीनही नाही. अशा वेळी ‘नळीचं तापमान किती?’ या प्रश्नाला एकच उत्तर उरत नाही.

[दृश्य: प्रवाहाचा आलेख खाली वळतो]

हीच कंपनं इलेक्ट्रॉनांना अडवतात. व्होल्टेज वाढतंय, प्रवाह घटतोय.

चिपमध्ये तारांच्या जागी नळ्या घालायच्या, तर हा हिशेब आधी मांडावा लागेल.

उघड्या हवेत व्होल्टेज असंच वाढवत नेलं, तर कार्बन ऑक्सिजनशी जुळतो आणि नळी जळते. बहुधा मधोमध, कारण टोकांची उष्णता पट्ट्या ओढून घेतात.

[दृश्य: तोच चर, रेघ तुटलेली. निवेदन नाही.]