दांडा, पुंगळी आणि डावा हात

(गॅरेजचं शटर वर जातं. बाहेर अजून अंधार.)

ॲरिझोना. फिनिक्सच्या बाहेरचं एक गॅरेज. उन्हाळ्यात इथे सकाळी नऊनंतर उभं राहवत नाही, म्हणून काका पहाटे पाचला काडतुसं भरायच्या कामाला लागतात. चेहरा दाखवायचा नाही, या अटीवर त्यांनी कॅमेरा आत येऊ दिला. तेव्हा पुढची काही मिनिटं तुम्हाला फक्त त्यांचे हात दिसतील.

हात कोल्हापूरचे आहेत. उद्यमनगरात वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं, तिथे तयार झालेले. आता दर रविवारी हे हात पिस्तुलाच्या स्थानिक सामन्यात उतरतात. सामन्याला दीडशे-दोनशे काडतुसं, सरावाची वेगळी. मग झाडलेल्या पुंगळ्या वेचून आणायच्या आणि घरीच पुन्हा भरायच्या. स्वतःच्या वापरापुरतं भरायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार परवाना लागत नाही, धंदा म्हणून भरून विकायचं तर लागतो. भारतात हेच काम परवान्याशिवाय केलं, तर शस्त्र कायदा, 1959 खाली गुन्हा. आपण आहोत ॲरिझोनात.

(बादलीतून पुंगळ्या टेबलावर ओततात. आवाज पूर्ण येऊ द्या.)

पितळेचा हा ढीग 9 मिलीमीटरचा. कोल्हापूरच्याच राही सरनोबतनं 2018च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, पण त्या प्रकारातलं .22चं काडतूस असं पुन्हा भरता येत नाही. त्याचा ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच असतो, कड ठेचली की खेळ संपला. या पुंगळीच्या बुडाला मात्र मधोमध वेगळी टिकली असते. दिवाळीतल्या टिकलीची थोरली बहीण म्हणा. तिचं नाव प्रायमर. जुनी काढायची, नवी बसवायची.

मक्याच्या कणसाच्या भुग्यात रात्रभर घोळून पुंगळ्या चकचकीत झाल्यात. (या धुळीत शिसं असतं. चाळताना मास्क, नंतर हात धुणं, आणि नातवंडांना इथे बंदी.) आता निवडणं. काकांचं बोट बघा, तांदळातला खडा काढावा तसं चालतंय. ही बुटकी, .380 या दुसऱ्या जातीची, बाजूला. ही लष्करी, टिकलीभोवती कडं दाबलेलं. नवी टिकली तिथे अडते आणि सगळं यंत्र थांबतं. तीही बाजूला.

(प्रेस. खालून वर सावकाश.)

आणि हे यंत्र. प्रोग्रेसिव्ह प्रेस.

साध्या प्रेसवर एका वेळी एकच काम होतं. हजार पुंगळ्यांचं एक काम उरकायचं, मग डाय, म्हणजे ते काम करणारा साचा, बदलून दुसरं. इथे खालची गोल तबकडी जत्रेतल्या पाळण्यासारखी फिरते. एकीवरची जुनी टिकली निघत असते, दुसरीत दारू पडत असते, तिसरीवर गोळी बसत असते. पाळणा एकदा भरला, की दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस खाली उतरतं.

यंत्र निवडताना नवखा माणूस पहिला प्रश्न वेगाचा विचारतो. कॅटलॉगमध्येही तासाला किती काडतुसं हे आकडे ठळक असतात. काका ते पान उलटून टाकतात. त्यांचं पहिलं यंत्र स्कॉट्सडेलच्या डिलन कंपनीचं 550 होतं. चार घरं, म्हणजे एकेका कामाच्या चार जागा, आणि तबकडी बोटानं फिरवायची. शिकायला उत्तम, कारण कुठेही थांबता येतं. पण तबकडी फिरवायचं विसरून दांडा पुन्हा ओढला, तर एकाच पुंगळीत दोनदा दारू पडते. पिस्तुलाची दारू मुळात चिमूटभर, दुप्पट पडली तरी बऱ्याचदा पुंगळीत मावून जाते. बाहेर सांडून ती काही ओरडत नाही.

म्हणून आताचं यंत्र पाच घरांचं, आपोआप फिरणारं. त्याच कंपनीचं 750. हॉर्नडीचं लॉक-एन-लोड एपीही पाच घरांचं. त्यात डाय बुशिंगसकट, म्हणजे बसवायच्या कड्यासकट, चटकन निघतात. लीचं सिक्स पॅक प्रो नावाप्रमाणे सहा घरांचं आणि खिशाला परवडणारं. एकापेक्षा जास्त जातीची काडतुसं भरायची असतील, तर बदलाच्या सुट्या भागांचा खर्च आधी विचारा. काका फक्त 9 मिलीमीटर भरतात, त्यामुळे तो हिशेब त्यांनी केलाच नाही.

(तिसऱ्या घराचा क्लोजअप. सळी वरखाली.)

भांडण आहे ते या तिसऱ्या घरावर. इथे एक सळी पुंगळीत उतरते आणि दारूची पातळी मोजते. जास्त असो वा कमी, बझर वाजतो. हल्ली बरेच जण हेच घर रिकामं करून तिथे गोळ्या आपोआप टाकणारं फीडर बसवतात. वेग वाढतो, पण राखणदार जातो. गोळी बसवणं आणि पुंगळीचं तोंड आवळणं एकाच डायमध्ये उरकलं तर दोन्ही मावतात. काकांना तेही पटत नाही.

"फीडर घेतला की डावा हात रिकामा," ते म्हणतात. "हात रिकामा झाला की डोळा बी रिकामा होतोय."

डावा हात बघा. गोळी चिमटीत धरून पुंगळीच्या तोंडावर ठेवायची, तर नजर आपोआप आत जाते. दिव्याची छोटी पट्टी त्यांनी तिथेच चिकटवलीय. गोळी ठेवण्याआधी दारू दिसली पाहिजे, प्रत्येक वेळी. राखणदार आहे म्हणून मालकानं झोपायचं नाही, असा त्यांचा हिशेब. आमच्या मते पैसे खर्चायचे तर या घरावर खर्चावेत. वर घरघरणारा पुंगळ्यांचा मोटरवाला ड्रम दिसायला झकास आहे, आम्हीही कॅमेऱ्यात त्याचे चार शॉट जास्तच घेतले, पण तो नंतर आला तरी चालतो.

(टिकल्यांचा ट्रे. हलकेच हलवतात. टिकल्या एकेक करून सुलट होतात.)

या ट्रेमध्ये शंभर टिकल्या. नळीनं त्या एकेक टिपायच्या. यंत्रावर त्या पोलादी आवरणातल्या दुसऱ्या नळीत ओतायच्या, कारण एक फुटली तर बाकीच्याही फुटू शकतात. डोळ्यांवरचा चष्मा त्यासाठीच. दांडा खाली ओढला की वरची कामं होतात. परत वर नेऊन शेवटी किंचित पुढे ढकलला, की टिकली बसते. ती बसल्याचं तळहाताला कळतं. लेथवर टूल लागल्याचं कळायचं तसंच, काका म्हणतात.

टेबलावर दारूचा एकच डबा. दुसरा कधीच नाही. किती दारू हे दारू बनवणाऱ्याच्या पुस्तकातून, मित्राच्या सांगण्यावरून नाही. चुकलं तर काय होतं? दारूच पडली नाही तर गोळी पिस्तुलाच्या नळीत अडकते, आणि मागून दुसरी झाडली तर नळी फुटते. दुप्पट पडली तर पिस्तूलच हातात फुटू शकतं.

(पोलादी गेज, म्हणजे काडतुसाचं माप तपासायचा ठोकळा. एकेक काडतूस भोकात सोडतात. टप्. टप्.)

सूर्य आता शटरच्या खालच्या कडेला आलाय. गेजमध्ये अलगद उतरलं ते सामन्याच्या डब्यात. अडलं ते लाल डब्यात.

टप्. टप्.

हे अडलं.