एकदाच विणली जाणारी रांग

पडद्यावर हिरव्या रंगात उजळलेल्या या चार रांगा उंदराच्या अंतर्कर्णातील, ध्वनी टिपणाऱ्या केशपेशींच्या आहेत. आतल्या बाजूला एक रांग आहे आणि बाहेरच्या बाजूला तीन आहेत. लक्षपूर्वक पाहा, बाहेरच्या प्रत्येक पेशीच्या माथ्यावरचा सूक्ष्म केसांचा तुरा एकाच दिशेला तोंड करून उभा आहे.

साडेआठ दिवसांच्या गर्भात यातले काहीच नसते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना बाह्यस्तराचा, म्हणजे गर्भाच्या सर्वांत बाहेरच्या पेशीथराचा, एकेक जाडसर ठिपका असतो. तो आत खचतो, मिटतो आणि त्याची पोकळ पिशवी होते. अकराव्या दिवसाच्या सुमारास तिच्यातून एक नळी फुटते आणि वेटोळे घेत शंखाचा आकार धारण करते. या नळीतील एका अरुंद पट्ट्यातल्या पेशी बाराव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान विभाजन थांबवतात. हे थांबणे शंखाच्या टोकाकडून सुरू होते, परंतु केशपेशी घडण्याची सुरुवात मात्र बुडाच्या बाजूने होते. त्यामुळे टोकाकडच्या पेशी सर्वांत आधी विभाजन आटोपूनही कित्येक दिवस ताटकळत राहतात. आमच्या मते या साऱ्या घडणीतला हाच सर्वांत विलक्षण काळ आहे.

अ‍ॅटोह-१ हे जनुक कार्यरत झाले, की पेशी केशपेशी होण्याच्या वाटेला लागते. हे जनुक नसलेल्या उंदरांत केशपेशी तयारच होत नाहीत, हे १९९९ मध्ये सिद्ध झाले. वाटेला लागलेली पेशी ‘नॉच’ या संदेशमार्गाने शेजारच्या पेशींना अडवते आणि त्या आधारपेशी होतात. म्हणूनच दोन केशपेशी एकमेकींना खेटून बसलेल्या दिसत नाहीत.

आता एकच पेशी पाहू. माथ्याच्या मध्यावर उगवलेला एकुलता लांब केस बाहेरच्या कडेकडे सरकतो, आणि त्याच्या आतल्या बाजूला इतर केस जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे चढत्या उंचीने वाढतात. प्रत्येक पायरीचे टोक वरच्या पायरीशी प्रथिनांच्या सूक्ष्म धाग्याने बांधलेले असते. ध्वनीच्या कंपाने तुरा झुकला, की हा धागा ताणला जाऊन विद्युतभारित कणांना पेशीत शिरण्याची वाट उघडते. पुढे तो लांब केस विरून जातो. जन्मानंतर सुमारे बाराव्या दिवशी उंदराच्या पिल्लाला ऐकू येऊ लागते.

माणसाच्या एका कानात अशा सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात आणि त्या गर्भातच घडतात. पक्ष्यांत नष्ट झालेल्या केशपेशींच्या जागी नव्या येतात, परंतु सस्तन प्राण्यांच्या या शंखात तसे होत नाही. या शेवटच्या चित्रात रांगेतली जी जागा रिकामी झाली आहे, ती शेजारच्या आधारपेशींनी पसरून बुजवली आहे.