शांबरिक: शब्द आणि त्यामागचं यंत्र

मंडळी, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 साली आपल्या मॅजिक लँटर्नच्या (काचेवरची चित्रं दिव्याने पडद्यावर टाकणाऱ्या कंदिलाच्या) खेळांना नाव दिलं ‘शांबरिक खरोलिका’. मुंबईत वॉटसन हॉटेलात सिनेमा दिसला तो 1896च्या जुलैत, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. ‘खरोलिका’ हा कंदिलासाठी योजलेला शब्द. खरी गंमत आहे ती ‘शांबरिक’मध्ये.

अमरकोशात सरळच दिलंय, ‘स्यान्माया शाम्बरी’. शांबरी म्हणजे माया, आणि ती शंबरासुराची. ऋग्वेदातला शंबर हा किल्ल्यांचा धनी, इंद्राचा वैरी. भागवतापर्यंत येता येता तो पुरता मायावी झाला. प्रद्युम्नाशी लढताना मयासुराची माया वापरून तो आकाशातून अस्त्रांचा पाऊस पाडतो. नुसतं ‘जादूचा कंदील’ म्हटलं तर हातचलाखीही त्यात आली. शांबरीत मात्र नसलेली वस्तू समोर उभी राहते. माझ्या मते नाव ठेवणाऱ्याला संस्कृतही येत होतं आणि धंदाही कळत होता.

याच जातीचा युरोपातला शब्द म्हणजे ‘फँटास्मागोरिया’. 1792 साली पॅरिसमध्ये फिलिडोर नावाच्या खेळवाल्याने आपल्या कंदिलाच्या भुतांच्या खेळाला हे नाव दिलं. ग्रीक ‘फांतास्मा’ म्हणजे भास, आभास. शब्दाच्या शेपटात कुणी ‘अगोरा’ म्हणजे सभा पाहतात, पण त्यावर एकमत नाही. 1798पासून लिएज शहरातून आलेल्या रॉबर्टसन या खेळवाल्याने पॅरिसमध्येच हा खेळ गाजवला.

आता ही शांबरी होते कशी ते पाहू. मागे दिवा, पुढे प्रकाश एकवटणारी भिंगं, मग चित्राची काच (उलटी घालायची, तरच पडद्यावर सुलटी दिसते) आणि शेवटी सरकत्या नळीतलं भिंग. काच साधारण सव्वातीन इंच चौरस. रंग पारदर्शक हवेत; जाड थर दिला की लाल साडीही पडद्यावर काळी दिसते. आकृतीभोवतीची सगळी काच मात्र अपारदर्शक काळ्याने भरायची. ती तशीच ठेवली तर चित्राभोवती उजेडाचं वर्तुळ उमटतं आणि प्रेक्षकाला कंदील आठवतो. काळं भरलं की राक्षस अंधारात अधांतरी उभा!

भूत अंगावर धावून आणायचं तर कंदील पडद्यामागे चाकांवर ठेवतात आणि मागे मागे ओढतात. त्याबरोबर आकृती वाढते. नेमकं इथेच खेळ फसतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. जवळ येणारं भूत मंद होत जातं, आणि डोळ्याला ते खोटं वाटतं. म्हणून भिंगापुढे झडप लावतात: कंदील पडद्याजवळ असताना जवळजवळ मिटलेली, मागे जाईल तशी उघडत नेलेली. त्याच वेळी दुसऱ्या हाताने भिंग काचेकडे सरकवत राहायचं, नाहीतर कडा फिसकटतात. पडदा मागून उजेड आरपार येईल इतका पातळ लागतो. काच एरवीपेक्षा पाठमोरी घालायची, नाहीतर समोर बसलेल्यांना रामाचं धनुष्य भलत्याच हातात दिसतं.

आणखी एक. गार काच एकदम तापलेल्या कंदिलात घातली की तडकते, नाहीतर तिच्यावर दव धरतं आणि चित्र धुरकट येतं. काचा आधी दिव्याजवळ कोमट करून, कोरड्या फडक्याने कडेकडेने पुसून घ्यायच्या. रंगाच्या बाजूला फडकं लावायचं नाही.