पुढचा गॅस पंप किती लांब?

(पहाट. सोसायटीच्या आवारात उभी असलेली छोटी गाडी. फोनची रिंग.)

"हॅलो, गॅस आहे का?"

पुण्याहून कोल्हापूरला निघायचं म्हटलं की लोक टायरमधली हवा बघतात, फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते बघतात. मी आधी फोन लावतो. माझ्या वहीत रस्त्यावरच्या एलपीजी पंपांचे नंबर लिहिलेले आहेत. एके काळी त्यात सात नंबर होते. आता चारांवर काट मारली आहे. उरलेल्या तिघांपैकी एक जण फोन उचलत नाही, दुसरा म्हणतो "टँकर आला की सांगतो", आणि तिसरा म्हणतो, "आहे, पण दुपारच्या आत या."

माझी गाडी २०१२ ची. घेतल्यानंतर वर्षभरातच तिला गॅस किट बसवलं. रोजचं येणं-जाणं पन्नास किलोमीटर, महिन्यातून एकदा गावी आईकडे फेरी, आणि पगार बेताचा. हिशेब सरळ होता. आरटीओत रीतसर नोंद केली, आरसी बुकवर पेट्रोल आणि एलपीजी दोन्ही चढलं, विमा कंपनीला कळवलं, त्यांनी थर्ड पार्टीच्या हप्त्यात साठ रुपये वाढवले. सगळं कायद्यात बसवून केलं.

(डिकी उघडते. कार्पेट उचललं जातं.)

ही बघा टाकी. स्टेपनीच्या खड्ड्यात बसते, मेदूवड्यासारखी, मध्ये भोक. बेचाळीस लिटरची, पण बेचाळीस लिटर गॅस तिच्यात कधीच जात नाही. ऐंशी टक्के भरली की आतला तरंगता गोळा वर येतो आणि व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. उन्हात द्रवरूप गॅस फुगतो, त्याला जागा लागते, म्हणून ही सोय. म्हणजे हातात येतात तेहतीस लिटर. माझ्या गाडीला हायवेवर लिटरला बारा किलोमीटर मिळतात. तेहतीस गुणिले बारा, साधारण चारशे किलोमीटर. पुणे ते कोल्हापूर जाऊन येऊन चारशे साठ. या मधल्या साठ किलोमीटरसाठी मला वाटेत एक चालू पंप लागतो.

हा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. स्वयंपाकघरात जळतो त्याच जातीचा, फक्त प्रमाण आणि दर्जा वेगळा ठरवलेला. थोड्या दाबाखाली तो पाण्यासारखा द्रव होतो, म्हणून त्याला साधी टाकी पुरते. सीएनजीला दोनशे बारचा दाब लागतो आणि त्यासाठी जाड पत्र्याचं जड सिलेंडर. एलपीजीच्या टाकीतला दाब त्याच्या कितीतरी पट कमी, दहा बारच्या आत-बाहेर. मुख्य म्हणजे त्याला पाइपलाइन लागत नाही, टँकर आला की झालं. ज्या काळात सीएनजी मुंबई-दिल्लीबाहेर फारसा कुठे नव्हता, त्या काळात बाकीच्या गावांसाठी स्वस्त आणि स्वच्छ इंधन म्हणून एलपीजीच पुढे आला तो यामुळेच.

आपल्यापैकी ज्यांनी नव्वदचं दशक पाहिलंय, त्यांना ती मारुती व्हॅन आठवत असेल. मागच्या सीटखाली घरचा लाल सिलेंडर, वर शाळेची मुलं, आणि आत गॅसचा तो ओळखीचा वास. ते बेकायदा होतं आणि जिवावरचं होतं. २४ एप्रिल २००० पासून एलपीजी हे गाडीचं इंधन म्हणून कायदेशीर झालं आणि पुढच्या वर्षी त्याच्या वापराचे नियम आले. त्यानंतर पंप उभे राहिले. सरकारी तेल कंपन्यांचे आले, खासगी कंपन्यांचे आले. २००६ मध्ये मारुतीने कारखान्यातूनच एलपीजी बसवलेली वॅगन आर ड्युओ बाजारात आणली. बंगळूरच्या रिक्षा एलपीजीवर गेल्या, कोलकात्याच्या रिक्षा हायकोर्टाच्या आदेशानंतर एलपीजीवर गेल्या. आम्हाला सांगितलं गेलं, धूर कमी होतो, खर्च कमी होतो, या. आम्ही आलो.

आणि खरंच, गाडीने कधी तक्रार केली नाही. आता सुरू करतो, ऐका.

(स्टार्टर. इंजिन चालू होतं.)

सुरुवात पेट्रोलवरच होते. डॅशबोर्डवर हे छोटं बटण आहे, त्यावरचा हिरवा दिवा आता लुकलुकतोय. रेडिएटरचं पाणी गरम होईपर्यंत गाडी वाट बघते, कारण द्रव गॅसची वाफ करायला उष्णता लागते आणि ती उष्णता व्हेपोरायझरला, म्हणजे ही वाफ करणाऱ्या भागाला, त्याच पाण्यातून मिळते. गार पाण्यावर गॅस सोडला तर व्हेपोरायझर गोठतो. दोन-तीन मिनिटं जातात. मग एक बारीक 'टक्' असा आवाज येतो, दिवा स्थिर होतो, गाडी गॅसवर आली. गाडीत बसलेल्याला तो 'टक्' कळतसुद्धा नाही. मला मात्र गर्दीत आपल्या पोराची हाक ऐकू यावी तसा ऐकू येतो.

(कात्रजचा बोगदा. मग हायवे.)

खंबाटकीचा चढ आला की गॅसची गाडी थोडी जड वाटते. पिकअप कमी मिळतो, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावं लागतं. ते मान्यच आहे. लिटरमागे ॲव्हरेजही पेट्रोलपेक्षा पाचवा हिस्सा तरी कमी पडतं, म्हणून गॅसचा भाव पेट्रोलच्या भावापेक्षा पाचव्या हिश्शाहून जास्त स्वस्त असला तरच परवडतो. हा हिशेब गॅसवाल्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. भाव महिन्याच्या एक तारखेला बदलतो, कारण तो आखाती देशांतल्या एलपीजीच्या मासिक दराशी बांधलेला आहे. ३१ तारखेच्या संध्याकाळी पंपावर रांग का लागते, ते यातून कळेल.

आता पंप बंद कसा पडतो ते सांगतो. मी चार पंप बंद पडताना पाहिलेत आणि चौघांची रीत एकच.

आधी एक दिवस पोरगा हात हलवतो, "काका, टँकर नाही आला." पुढच्या खेपेला गॅस असतो. मग दोन खेपा नसतो. मग टँकर येतो पण मशीन बिघडलेलं असतं, "पार्ट मागवलाय." तो पार्ट येत नाही. महिनाभराने मशीनवर गोणपाट टाकलेलं दिसतं, गन दोरीने बांधलेली. त्यानंतर कधीतरी छताखालच्या पाटीवरून 'ऑटो एलपीजी' ही अक्षरं पांढऱ्या रंगाने पुसली जातात. रंग पातळ असतो. उन्हात अक्षरं खालून दिसत राहतात.

पंपवाल्याला मी दोष देत नाही. एलपीजीचा पंप चालवणं म्हणजे वेगळी टाकी, वेगळा परवाना, आजूबाजूला मोकळी जागा सोडण्याचे कडक नियम आणि टाकीच्या ठरावीक मुदतीत होणाऱ्या तपासण्या. या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. तो खर्च दिवसाला शंभर गाड्या आल्या तरी तेवढाच आणि दहा आल्या तरी तेवढाच. टँकर मात्र भरूनच घ्यावा लागतो. पूर्वी तो आठवड्यात खपायचा, आता महिना पुरतो, आणि महिनाभर पैसे जमिनीखाली अडकून पडतात. शेजारीच सीएनजीच्या रांगा हायवेला टेकलेल्या. कोणीही काय करेल?

गाड्या कमी झाल्या म्हणून पंप कमी झाले आणि पंप कमी झाले म्हणून गाड्या कमी झाल्या. पण ही गाठ आपोआप बसलेली नाही. २०१८ पासून शहरांत पाइपने गॅस पुरवण्याच्या परवान्यांसाठी निविदांच्या मोठ्या फेऱ्या झाल्या, जिल्ह्याजिल्ह्यांत सीएनजीचे परवाने दिले गेले. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. वाहनांत भरायच्या एलपीजीवर मात्र अठरा टक्के जीएसटी. २०२० मध्ये बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे नवे निकष आले, तेव्हा नव्या गाड्यांना बाहेरून किट बसवायची परवानगी नियमात यायलाच २०२२ उजाडलं. मधल्या दोन वर्षांत आमचा किट बसवणारा मिस्त्री सीएनजीकडे वळला. त्याच्या दुकानात आता एलपीजीचे सुटे भाग एका बिस्किटाच्या डब्यात मावतात.

(गॅरेज. मिस्त्रीचे हात. व्हेपोरायझर खोलला जातो.)

त्याचं काम जवळून बघा. व्हेपोरायझरच्या तळाला हा छोटा स्क्रू आहे. तो सोडला की खाली काळपट, चिकट तेल ठिबकतं. गॅसमध्ये जे जड अंश असतात, त्यांची वाफ होत नाही, ते इथे साठतात. दर काही हजार किलोमीटरला हे काढून टाकायचं, फिल्टर बदलायचा. न काढलं तर आतला रबरी पडदा ताठर होतो आणि सिग्नलला गाडी बंद पडते. हा पडदा पूर्वी कोणत्याही किटच्या दुकानात मिळायचा. या वेळी मिस्त्रीने तो बाहेरून मागवला, सतरा दिवस लागले. टाकीची दर पाच वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली तपासणी, करावी लागते, तिलाही आता गाडी घेऊन दुसऱ्या शहरात जावं लागतं.

"सीएनजी बसवून टाका की," असं मला सगळेच सांगतात. गाडी २०१२ ची. २०२७ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतील. नोंदणी पुढे वाढवायची तर पाच हजार फी, वर पर्यावरण कर. अशा गाडीत नवं किट, साठेक किलोचं सिलेंडर, आणि ते बसल्यावर डिकीत आईची तांदळाची गोणी ठेवायला जागा नाही. "मग पेट्रोलवर चालवा." चालवतो. पण आता देशभर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि माझी गाडी त्यासाठी बनलेली नाही. शिवाय गॅसवाल्या गाडीत पेट्रोल महिनोन्महिने टाकीत पडून राहतं, आणि ते कमी झालं की टाकीतला पेट्रोल ओढणारा पंप कोरडा पडतो. म्हणून मी दर रविवारी दहा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर फिरवतो आणि टाकी चौथाईच्या खाली जाऊ देत नाही.

मला खरी काळजी आहे ती वेगळीच.

(एका गल्लीत. शटर अर्धं खाली.)

पंप गेला की गॅस संपत नाही. गाडी तीच, टाकी तीच, आणि घराघरात १४.२ किलोचा सिलेंडर आहेच. मग कुठेतरी शटर अर्धं खाली ओढलेलं असतं, आत वजनकाटा आणि एक मोटर, आणि सिलेंडर उलटा करून रिक्षात गॅस भरला जातो. मला आपल्याच रांगेतल्या एका रिक्षावाल्या दादांनी सांगितलं, "पंप पंचवीस किलोमीटरवर. जायला-यायला पन्नास. त्या गॅसवर मी दोन तास धंदा करतो. काय करू?" मी त्यांना गप्पच बसून ऐकलं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो, गटारात उतरतो, तळघरात साठतो. बंद खोलीत मोटरच्या बटणाची एक ठिणगी पुरते. पंचवीस वर्षांपूर्वी कायदा करून ज्या धोक्यातून आपण बाहेर पडलो, त्यातच पंपाअभावी माणसं परत ढकलली जात आहेत.

इंधन बदलायचं असेल तर जरूर बदला. ऑस्ट्रेलियातही एलपीजीच्या गाड्या आणि पंप ओसरले. तुर्कस्तानात आणि पोलंडमध्ये मात्र आजही लाखो गाड्या त्यावर चालतात. प्रत्येक देश आपलं ठरवतो. माझं मागणं छोटं आहे. नोंद केलेल्या गाड्या आरटीओच्या यादीत आहेत, कुठल्या तालुक्यात किती ते एका दिवसात निघेल. त्या गाड्यांची पंधरा वर्षं भरेपर्यंत प्रत्येक हायवेवर शंभर-शंभर किलोमीटरला एक पंप चालू ठेवा, आणि बंद करायचा असेल तर सहा महिने आधी पाटी लावा. बंद पंपासमोर, घाटाच्या पायथ्याशी, रात्री साडेनऊला कुणाला ते कळू नये.

(दुपार. पंप. गाडी वळते.)

पोचलो. बाराला दहा कमी. सगळ्यांनी खाली उतरायचं, हा नियम. मी झाकण काढतो, पोरगा गन लावून घट्ट फिरवतो. मशीनवरचे आकडे सरकतात... दहा... वीस... एकतीसवर वेग मंदावतो आणि तेहतीसच्या अलीकडे सगळं थांबतं. गन सुटताना 'फस्स' असा आवाज, तोंडावर पांढरा दव, क्षणभर तो वास.

"काका, पुढच्या वेळी सोमवारी येऊ नका. टँकर मंगळवारी येतो."

मी वही काढून त्याच्या नंबरापुढे 'मंगळवार' लिहितो. कोल्हापूर अजून शंभर किलोमीटर आहे.